रेल्वेच्या वारशात मनमाड कुठे आहे?

१४ एप्रिलची मिरवणूक संपते, निळे झेंडे घडी करून ठेवले जातात आणि दोनच दिवसांनी १६ एप्रिल उजाडतो. त्या दिवशी मोबाईलवर दरवर्षी तीच माहिती फिरते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी, तिला ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडतो. काय ते दिवस, काय ती कोळशाची इंजिनं, काय ती शिट्टी!

आम्ही आधीच सांगून टाकतो, आम्हालाही रेल्वे आवडते. आमच्यातल्या कित्येकांच्या घरात आजोबा गँगमन होते, कुणाचे खलाशी, कुणाचे वर्कशॉपमध्ये. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, कल्याणच्या क्वार्टरमध्ये आमची एक अख्खी पिढी वाढली. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या जनरल डब्यात भाकरी बांधून बसलेल्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून प्रश्न रेल्वेवर प्रेम असण्या-नसण्याचा नाही. आठवण कुणाची सांगितली जाते आणि कुणाची गाळली जाते, हा प्रश्न आहे.

खिडकीशी बसून डोंगर पाहणाऱ्याची आठवण वेगळी असते आणि त्याच डोंगरात सुरुंग लावणाऱ्याची वेगळी. भोर घाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. अपघात, पटकी आणि तापाने तिथे किती मजूर मेले? एका अंदाजाप्रमाणे सुमारे पंचवीस हजार. ठेकेदार ट्रेडवेलचं नाव इतिहासात आहे, त्याच्या मृत्यूनंतर ठेका पुढे नेणाऱ्या त्याच्या पत्नीचं, अ‍ॅलिसचंही आहे. मेलेल्या मजुरांची नावं नाहीत. पावसाळ्यात त्याच घाटातल्या धबधब्याचे व्हिडिओ काढताना ते मजूर कुणाला आठवतात?

गंमत बघा. पहिली गाडी धावली त्याच १८५३ साली तिकडे लंडनमध्ये बसून कार्ल मार्क्सने लिहिलं होतं, की रेल्वेमुळे येणारे आधुनिक उद्योग जातीवर उभी असलेली कामाची वंशपरंपरागत वाटणी मोडून टाकतील. अनेक पुरोगामी मित्र आजही हे मोठ्या कौतुकाने सांगतात. मग प्रत्यक्षात काय झालं?

त्याचं उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. १९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. अंगावर चांगले कपडे, खिशात रीतसर तिकीट. स्टेशनमास्तरला वाटलं ब्राह्मणाची मुलं असतील. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहराच बदलला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान न्यायला तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे. रेल्वेने तिकीट दिलं, डब्यात बसू दिलं. पण फलाटाच्या बाहेर पाऊल टाकताच जात उभी होती. १९२९ साली, बॅरिस्टर झाल्यानंतरही, चाळीसगाव स्टेशनवर त्यांना न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. मग वस्तीतल्याच एका न सरावलेल्या माणसाने टांगा हाकला आणि त्या अपघातात बाबासाहेबांचा पाय मोडला.

आणि रेल्वेच्या आत? १२-१३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या जातीचा जो हिशेब मांडला, तो फारसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधं पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामं करावी लागतात आणि तिथे त्याचा विटाळ होतो. वर्कशॉपमध्ये तो कुली, मेकॅनिक नाही. मार्क्सच्या भाकितानंतर पंच्याऐंशी वर्षांनी रुळांवरची स्थिती ही होती. जात मोडली नव्हती. तिने रेल्वेचा गणवेश घातला होता, एवढंच.

आता एक नेहमीचा किस्सा घेऊ. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नावाच्या प्रवाशाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वेला तक्रारीचं पत्र लिहिलं. शौचाला उतरलेला असताना गाडी सुटली, त्याची फजिती झाली. या पत्रामुळे डब्यांत शौचालयं आली, असं सांगतात. रेल्वेप्रेमी हा किस्सा हमखास सांगतात आणि सगळे हसतात. आम्हालाही हसू येतं. पण किस्सा तिथेच का थांबतो? डब्यात शौचालय आलं, त्याला खाली भोक होतं आणि सगळी घाण रुळांवर पडत होती. कित्येक दशकं ती स्टेशनात कुणी उचलली? खराटा, बादली आणि पाण्याचा पाइप घेऊन रुळांत उतरणारा माणूस कोणत्या जातीचा होता, हे कुणाला सांगायला हवं का? २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या व्याख्येत रेल्वे रुळांचाही समावेश केला. पण त्याच कायद्यात अशी पळवाटही आहे, की सरकारने ठरवलेली साधनं आणि संरक्षक साहित्य दिलं की तो माणूस कायद्याच्या लेखी मैला साफ करणारा राहत नाही. हातमोजे दिले की जात संपली! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुळांवरची ही प्रथा ठराविक मुदतीत संपवायला सांगितलं. आता डब्यांत जैव-शौचालयं बसली आहेत, हे चांगलंच झालं. पण तो खराटा कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे? इंजिनाचं चाक पॉलिश करून ठेवता, मग ज्या हातांनी रूळ साफ ठेवले त्यांची एक पाटी तरी लावा.

माथेरानकडे येऊ. नेरळ-माथेरानची मिनी ट्रेन १९०७ साली सुरू झाली. दोन फुटांचा रूळ, वळणावळणाची चढण, सगळ्यांची लाडकी गाडी. २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो पुन्हा उभा केला. २०१९ ला पुन्हा नुकसान झालं, २०२२ मध्ये गाडी पुन्हा नेरळहून वर जाऊ लागली. वारसा जपायचा म्हणून पैसा मिळतो, माणसं मिळतात, इच्छाही मिळते. आमची त्याला हरकत नाही. पण या गाडीतून उतरल्यावर काय दिसत आलं? मोटारींना बंदी, म्हणून माणसाला बसवून माणूस ओढत असलेली हातरिक्षा. लाल मातीच्या चढावर घामाघूम झालेला माणूस, आणि त्याचाही फोटो 'जुनं माथेरान' म्हणून! ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचं सांगून ती सहा महिन्यांत बंद करायचा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांतून पुनर्वसन करायचा आदेश दिला. संविधान लागू होऊन पंच्याहत्तर वर्षं झाल्यावर! डोंगरात वाहून गेलेला रूळ परत घालायची घाई सगळ्यांना होती, रिक्षा ओढणाऱ्याच्या फुप्फुसांची घाई कुणाला होती?

दुसरीकडे विदर्भातली शकुंतला बघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावरची तीही अरुंद रुळांचीच गाडी. शेतमजूर, बाजाराला जाणाऱ्या बाया, विद्यार्थी तिच्यात बसायचे. ती काही वर्षांपासून बंद पडली आहे. तिच्यावर हळवे लेख मात्र भरपूर येतात. पर्यटकांची छोटी गाडी वारसा ठरते आणि गरिबांची छोटी गाडी आठवण होऊन जाते.

यावर ठरलेलं उत्तर येईल. 'तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. छंद आहे, मुलं खूश होतात, राहू द्या ना.' मुलं खूश होतात हे खरं आहे. दिवाणखान्यात मांडलेल्या चिमुकल्या रेल्वेकडे आम्हीही डोळे मोठे करून बघतो. सिग्नल हलतो, गाडी बोगद्यात शिरते, फलाटावर बोटाएवढा स्टेशनमास्तर उभा असतो. आमचं म्हणणं एवढंच, की त्यात रुळावर हातोडा घेतलेला एक गँगमनही ठेवा. मूल विचारेल, हा कोण? मग सांगा. जात आम्ही आणलेली नाही, ती रुळांवर आधीपासून होती. आम्ही फक्त दाखवतो आहोत.

तरुण साथींनो, नुसती टीका करून चालणार नाही. मसूर स्टेशनवर त्या मुलांच्या प्रवासाची आणि मनमाडला १९३८ च्या परिषदेची ठसठशीत माहिती प्रवाशांना दिसेल अशी लागली पाहिजे, यासाठी निवेदनं द्या, पाठपुरावा करा. माथेरानच्या आदेशाची अंमलबजावणी कुठपर्यंत आली, प्रत्येक रिक्षा ओढणाऱ्याला खरंच ई-रिक्षा मिळाली का, हे तिथे जाऊन विचारा. आणि सगळ्यात आधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडे बसा. ते कोणत्या साली लागले, मुकादम कसा बोलायचा, पाणी कुठे प्यायचे, प्रमोशन का मिळालं नाही, क्वार्टरच्या चाळीत विहार कसा उभा राहिला, हे मोबाईलवर रेकॉर्ड करा. त्यांचा जुना पास, हातकंदील, बिल्ला भंगारात देऊ नका. ही माणसं गेली की हा इतिहास जाईल, आणि मग १६ एप्रिलला पुन्हा फक्त साहिब, सिंध आणि सुलतान उरतील.

साहेब आणि सुलतानांचा वारसा जपायला बरेच जण आहेत. गँगमनचा आपल्यालाच जपावा लागेल.

जय भीम!