कादंबरी छापली, पुढचे काय लिहून घेतलेत?

जपानी ‘लाइट नॉव्हेल’ हातात घेतली, तर आपल्या पोस्टकार्डापेक्षा जराशीच मोठी भरते. आरंभी गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रे, आत अधूनमधून काळी-पांढरी. परिच्छेद आखूड, संवाद भरपूर. वाचक मुख्यतः शाळा-कॉलेजातला. मुखपृष्ठावर लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव. वरून कागदाची एक पट्टी गुंडाळलेली. कादंबरीवर अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, निघणार असे ठरले, की ती बातमी या पट्टीवर ठळक अक्षरांत झळकते आणि मालिकेतले जुने भागही पुन्हा विकले जातात.

रेकी कावाहारा यांनी ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ २००२ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिली. २००९ मध्ये ती ‘देंगेकी बुन्को’ या मालेत पुस्तकरूपाने आली, २०१२ मध्ये तिचा अ‍ॅनिमे झाला. मांगा (जपानी चित्रकथा) झाली, व्हिडिओ गेम झाले. पुस्तकासाठी चित्रकाराने रेखाटलेली पात्रेच पडद्यावर चालू-बोलू लागली. असा अ‍ॅनिमे सहसा एकटा निर्माता काढत नाही. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले अशी मंडळी ‘निर्मिती समिती’ स्थापून पैसा घालतात आणि उत्पन्न वाटून घेतात. म्हणजे प्रकाशक तिथे भागीदार असतो. तिथेही सगळे गोड नाही. कित्येक अ‍ॅनिमे बारा-तेरा भागांत गुंडाळले जातात. गोष्ट अर्धी राहते, पुस्तकाची जाहिरात तेवढी होते.

हे ऐकून आपण कोल्हापूरच्या प्रकाशकांनी तोंडात बोट घालण्याचे कारण नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ याच गावात काढला. १९३६ मध्ये हंस पिक्चर्सचा ‘छाया’ आला, तो वि. स. खांडेकरांच्या कथेवर. कागलच्या आनंद यादवांची ‘नटरंग’ २०१० मध्ये पडद्यावर गेली, सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३ मध्ये. गोष्टींचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता. घोडे पेंड खाते ते करारापाशी.

आपल्यातले बरेचजण अजून शब्दावर व्यवहार करतात, नाहीतर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढी ओळ टाकून मोकळे होतात. दोन्ही महागात पडते. प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीचे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळी तरतूद नसेल, तर तो संपतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाचर मारली: करारावेळी जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते करारात धरले जात नाही. आणि करार फक्त छपाईपुरता असेल, तर चित्रपटाचा हक्क लेखकाकडेच राहतो. निर्माता दारात आला तरी प्रकाशकाला त्यात बोलायची जागा नसते.

तेव्हा चित्रपट, मालिका, वेब सिरीज, श्राव्य पुस्तक, चित्रकथा, गेम यांची कलमे वेगवेगळी करा. प्रत्येकाला मुदत घाला. त्या मुदतीत काही घडले नाही तर हक्क लेखकाकडे परत. प्रकाशकाने हिस्सा जरूर मागावा, पण निर्मात्यांपर्यंत गोष्ट पोचवण्याचे, सारांश आणि इंग्रजी-हिंदी मसुदे तयार करण्याचे काम अंगावर घेऊन. नुसते हक्क अडवून बसणाऱ्याला हिस्सा कशाचा? मुखपृष्ठ आणि आतली चित्रे काढणाऱ्याशीही लेखी ठरवा. उद्या त्याच चेहऱ्यांवर पात्रे उभी राहिली, तर त्याला काय मिळणार हे आजच कळले पाहिजे.

आपल्याच परिसरात मालिकांची चित्रीकरणे होतात, चित्रनगरी गावाला लागून आहे. गोष्ट शोधणारी माणसे इथवर येतात, ती आपल्या दुकानापर्यंतही यावीत असे वाटत असेल, तर येत्या कादंबरीची प्रत छापखान्यात जाण्याआधी तिचा करार पुरा करा. जुन्या यादीतली पुस्तके त्यानंतर एकेक करून काढा, आणि लेखक किंवा त्यांचे वारस यांच्याशी बसून कागद नव्याने लिहा.