बारावीनंतर अर्जाला उशीर झाला, हाती पैसाही नाही

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो, तेव्हा निम्मे लिंबायत सुरत-भुसावळ गाडीने खानदेशात गेलेले असते. घरची लग्ने, देवदर्शन, शेताची कामे. परत येईपर्यंत जून निम्मा सरतो. पूरक परीक्षा देणाऱ्यांचा निकाल तर त्याहून उशिरा येतो. मग मंडळाच्या कार्यालयात दरवर्षी तोच प्रश्न येतो : "काका, आता ॲडमिशन मिळेल का?"

बहुधा मिळते. 2024 पासून गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश जीकास या एकाच पोर्टलवरून होतात. आपले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठही त्यात आहे. नोंदणी 300 रुपयांत होते. फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा भरतात, मात्र हवे ते कॉलेज मिळेलच असे नाही. तेही हुकले तर इग्नूचे जुलै आणि जानेवारी असे दोन प्रवेश आहेत आणि अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. दिवसा मार्केटमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाला हा मार्ग कमीपणाचा वाटू नये. पदवी ती पदवीच.

खरी अडचण दाखल्यांची आहे. गुजरातमध्ये ओबीसीचा दाखला हवा असेल तर कुटुंब 1 एप्रिल 1978 पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. 10 टक्के आर्थिक दुर्बल आरक्षण गुजरातने जानेवारी 2019 मध्ये देशात सर्वांत आधी लागू केले, पण तिथेही 1978 चीच अट घातली. आपली कितीतरी कुटुंबे लूम आणि डाईंगच्या कामाला ऐंशीच्या दशकात आली. मुलगा इथे जन्मला, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, तरी कागदावर तो बाहेरचाच. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत स्थलांतरिताला नव्या राज्यात आरक्षण नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1990 चा आहे. आम्हाला हे अन्यायाचे वाटते. पण जुलैत रांगेत उभे राहून ते बदलणार नाही. म्हणून दाखल्याचे काम मूल अकरावीत असतानाच सुरू करावे.

ज्यांना दाखला मिळत नाही त्यांनी मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना पाहावी. ती 2015 ची आहे आणि जात विचारत नाही. उत्पन्न 6 लाखांपर्यंत आणि बारावीत 80 पर्सेंटाइल हवेत. लक्षात घ्या, पर्सेंटाइल, टक्के नव्हेत. गुणपत्रिकेवर ते वेगळे छापलेले असते. टक्के पाहूनच कित्येक पालक अर्ज करत नाहीत. बीकॉमसारख्या अभ्यासक्रमाला अर्धी फी किंवा 10,000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळते.

आता कर्ज. उभे आयुष्य बँकेत गेल्यामुळे यावर थोडे अधिकाराने बोलतो. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, एवढेच. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढते. जमेल तसे शिकतानाच ते भरत राहावे, पुढचा हप्ता हलका होतो. शाखेत "साहेब नाहीत, पुढच्या महिन्यात या" असे सांगून परत पाठवण्याचा प्रकार आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी. बँकांच्या नमुना योजनेप्रमाणे अर्ज नाकारायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. हे नम्रपणे विचारले की बरेचदा साहेब सापडतात.

केंद्राची व्याजमाफी साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना आहे, पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी निवडक संस्थांपुरती आहे, तेव्हा आपले कॉलेज यादीत आहे का ते आधी पाहावे. म्हणजे साध्या बीकॉमच्या मुलाला व्याजात सूट जवळजवळ नाहीच, आणि आपल्याकडे जास्त मुले तीच.

म्हणून अनुदानित कॉलेजात जागा मिळत असेल तर कर्ज काढूच नये. तिथली फी एखाद्या लग्नाच्या बँडपेक्षा कमी असते.

मागच्या वर्षी एका घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे 1976 चे रेशनकार्ड सापडले. तोवर नातीच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या, पण धाकट्या नातवाचा दाखला यंदा वेळेवर निघाला.