आयचा आय घात

ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त स्वच्छ सांगितले आहे. धन घ्या वा ऋण, वर्ग धनच येतो. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढला होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो.

आज अकरावीची मुले वजा १ च्या वर्गमूळाला आय म्हणून मोकळी होतात आणि डी मॉयव्हरच्या प्रमेयाने घातही काढतात. तोवर घात पूर्णांक असतो. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, 'सर, घातच आय असेल तर?' 'परीक्षेला येत नाही' हे ठरलेले उत्तर शिक्षकाला शोभत नाही, कारण फळ्यावर दोन ओळींत काम होते. आयचा मापांक १, कोणांक पाय भागिले २. म्हणून त्याचा लॉगरिदम आय गुणिले पाय भागिले २. त्याला घाताच्या आयने गुणले की उरते वजा पाय भागिले २. ईचा तेवढा घात म्हणजे सुमारे ०.२०७९. चक्क वास्तव संख्या! ऑयलरने १७४६ साली गोल्डबाखला पत्रातून हे कळवले होते.

पण इथेच थांबलो, तर अर्धेच शिकवले. कोणांकात दोन पाय मिळवा, उत्तर सुमारे ०.०००३९ येते, दोन पाय वजा करा, १११.३२. तितकीच बरोबर, आणि अशी उत्तरे अनंत.

संगणक त्यांतले एकच, मुख्य मूल्य, दाखवतो. पायथनला वजा ८ चा एक-तृतीयांश घात विचारा. वजा २ येत नाही. १ अधिक १.७३२ आय येते, कारण वजा ८ चा कोणांक तो १८० अंश धरतो आणि त्याचे तीन भाग करतो. मुलांना वाटते यंत्र चुकले.

खरा धोका 'घाताचा घात म्हणजे घातांकांचा गुणाकार' या नियमात आहे. ईचा दोन पाय आय घात १. दोन्ही बाजूंचा आय घात घेऊन नियम लावा: ०.००१८७ बरोबर १! असलाच एक विरोधाभास क्लाउसेनने १८२७ साली मांडला होता. बाहेरचा घात पूर्णांक असला तर नियम बिनधोक, एरवी नाही. पाठ्यपुस्तकात घातांकांचे नियम येतात तिथेच ही अट ठळक छापायला हवी.

हा भाग वर्गात घेणाऱ्या शिक्षकांनी आपले टाचण, मुलांच्या नेमक्या शंकांसह, आमच्याकडे जरूर पाठवावे.