निरोगी मेंदू कोणाचा?



शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मी नेहमी ऐकते, ‘डोकं फिरलंय तिचं!’ पण ठीक डोकं म्हणजे कोणाचं? सुई न टोचता, एमआरआय यंत्राने मेंदूतली काही रसायनं मोजता येतात. निरोगी स्वयंसेवकांच्या मोजणीवरून ‘सामान्य’ काय ते ठरतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात निरोगी स्त्रियांच्या मेंदूतलं ‘गाबा’ हे रसायन पाळीच्या चक्राबरोबर बदलताना दिसलं. मग पुरुषांचं माप आपल्याला कसं चालेल?

संशोधनात बाई हवीच. पण २००९ साली खम्ममच्या वसतिगृहांत आदिवासी मुलींच्या लस-संमतिपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या, तशी नको. तिच्या बोलीत समजावून सांगा, आणि तिचं ‘नाही’सुद्धा ऐका.