सीडी३ चमकले, पुढे काय?



फ्लो सायटोमेट्रीत सीडी३ चमकले की टी-पेशींचा रिसेप्टर कळला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच खरे. सीडी३ हा रिसेप्टरचा सोबती, साऱ्याच परिपक्व टी-पेशींवर असणारा. त्या पेशी एकाच पेशीची पिलावळ आहेत का, हे तो सांगत नाही. त्यासाठी व्ही-बीटा, म्हणजे रिसेप्टरच्या बीटा साखळीचा बदलता भाग, ओळखणाऱ्या २४ अँटिबॉडींचा खर्चिक संच असतो. तोही सुमारे ७० टक्केच रिसेप्टर टिपतो. त्याउलट जोव्ही-१ ही एकच अँटिबॉडी बीटा साखळीच्या दोन प्रकारांपैकी पहिला ओळखते. निरोगी रक्तात चमकत्या-विझल्या पेशींची सरमिसळ दिसते. एखादा गट एकजात चमकला किंवा एकजात विझलेला असला, तर तो एकाच पेशीची पिलावळ असल्याची शंका घ्यावी. मात्र गॅमा-डेल्टा टी-पेशींना बीटा साखळीच नसते! त्या आधी वेगळ्या काढल्या नाहीत, तर त्यांचा अंधार हमखास फसवतो.

— एक वाचक, पुणे