फूफीचा अंगठा आणि पाच वर्षांची वकिली

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या ओट्यावर पालकांची ये-जा असते. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, करिअरचा सल्लागार नाही. पण फोंडाघाटसारख्या गावात मास्तराला सगळे ठाऊक असते असा लोकांचा समज आहे. यंदा आमची एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. आर्ट्समधून बारावी झालेली, गुण चांगले. तिला पाच वर्षांचे बीए-एलएलबी करायचे आहे. सीईटी तिने आधीच दिली होती.

वडील बराच वेळ गप्प बसले. चहा संपल्यावर म्हणाले, "सर, पाच वर्सां? मगे लगीन कधी करूचा?" मग त्यांनी आणखी दोन गोष्टी काढल्या. एक, वकिली म्हणजे खोटे बोलण्याचा धंदा, तो आपल्या मुलीने कशाला करावा? दुसरी, बीएच व्हायचे तर कणकवलीला कॉलेज आहे, एवढ्या लांब जायची गरज काय?

त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे लिहितो, कारण हे तीन प्रश्न त्या एका बापाचे नाहीत. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

माझे बीएड नुकतेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. आजोबांच्या मागे त्यांचे दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे माझे अब्बा, चाचा आणि फूफी. घर आणि काजूची बाग होती. एक दिवस टाइप केलेला कागद घरी आला. फूफीला बोलावून घेतले. तिला उर्दू थोडी वाचता यायची, मराठी अजिबात नाही. घरात दोन्ही भाषा शिकलेला मीच. तिने कागद माझ्या हातात दिला आणि विचारले, "बाबा, यात काय लिहिलंय?" मी वाचला. ते हक्कसोडपत्र होते. अब्बा समोर बसले होते, चाचाही होते. मी म्हणालो, "फूफी, घराच्या वाटणीचा कागद आहे." हे खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. पुढे निबंधकांसमोर तिने अंगठा दिला आणि दस्त नोंदवला गेला.

सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर पाच भाग करायचे, दोन-दोन मुलांचे आणि एक मुलीचा. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे सांगितले आहे, आणि ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे असेही सांगितले आहे. ही आयत मी कितीदा वाचली असेल. त्या दिवशी वाचणारा मीच होतो. फूफी आता हयात नाही. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त टोचते.

पुढे मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळले की प्रश्न माझ्या भित्रेपणावर संपत नाही. घरातला फूफीचा पाचवा हिस्सा उघड होता. बागेचे काय? आपण सगळे सहज म्हणतो की मुसलमानांचा वारसा शरियतप्रमाणे ठरतो. त्यासाठीचा कायदा १९३७ चा. पण त्याच्या दुसऱ्याच कलमात शेतजमिनीचा प्रश्न वगळलेला आहे. का वगळला? त्याचे एक उत्तर इतिहासात सापडते. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्टने शेतजमीन हा विषय प्रांतांकडे दिला होता, त्यामुळे दिल्लीच्या कायदेमंडळाचा हात तिथे पोहोचत नव्हता. पुढे काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून ती फट बुजवली. आता कोकणातल्या माणसाची मिळकत म्हणजे काय? एक घर, आणि बाकी भातशेती, काजू, आंबा, माड. म्हणजे आपल्या मुलींचा बहुतेक वारसा नेमका त्या वगळलेल्या भागात येतो. तिथे तिचा हक्क कोणत्या आधारावर मांडायचा हे सांगायला रूढी, जुने निकाल आणि महसुलाचे नियम एकत्र वाचणारा वकील लागतो.

इथे त्या वडिलांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. त्यांना वाटते, बीए वेगळे आणि वकिली वेगळी. पण वरच्या एका कलमासाठी काय काय लागले ते बघा. प्रांतांचे अधिकार हे राज्यशास्त्र झाले, १९३५ चा कायदा हा इतिहास, आणि फूफीने भावांसमोर न विचारता अंगठा का दिला, हे समाजशास्त्र. कलम तेवढे पाठ करणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

आपल्याकडे याची मोठी उदाहरणे आहेत. डॉ. आंबेडकरांनी बॅरिस्टर होण्याआधी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकून घेतले होते. १९१६ मध्ये कोलंबियात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. १९३५ मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच कॉलेजात काही वर्षांनी असफ अली असगर फैझी प्राचार्य होते. माथेरानला जन्मलेले फैझी अरबीचे पंडित आणि कायद्याचेही. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे १९४९ चे पुस्तक वकिलांच्या कपाटात आजही असते. अरबी येत नसती तर ते पुस्तक त्यांच्या हातून झाले असते का?

बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये एन. आर. माधव मेनन यांनी १९८८ मध्ये पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी घेतली, त्यामागे हाच विचार होता: बारावीनंतरच मुलांना घ्यायचे, आणि समाजाचा अभ्यास व कायद्याचा अभ्यास बरोबरीने चालवायचा. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्राची तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. तिथे जायला क्लॅट द्यावी लागते आणि ती इंग्रजीतच असते. इतर कॉलेजांसाठी राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. कोणत्याही शाखेची बारावी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. पुण्याचे आयएलएस १९२४ पासूनचे, कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासूनचे. कोल्हापूर आपल्याला लांब नाही. घाट चढला की दाजीपूर, राधानगरी आणि मग कोल्हापूर.

कोल्हापूरचे नाव मुद्दाम घेतले. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. कोर्ट घाटावर येऊन बसले. तिथे उभे राहणारे आपले कोण आहे?

आता खोटे बोलण्याचा धंदा. मी भाषेचा शिक्षक, म्हणून भाषेतूनच उत्तर देतो. वकील हा अरबी शब्द, अर्थ ज्याच्यावर काम सोपवले तो. अल-वकील हे अल्लाहच्या नावांपैकी एक. ज्याच्यावर विसंबावे असा तो. एवढा भारदस्त शब्द आपण खोटारड्यांना देऊन टाकला असेल, तर परत मागून घ्यायला चांगली मुले पाठवावी लागतील.

आणि हा एकच शब्द नाही. मराठी कोर्टाची अर्धी भाषा आपल्या मुलांनी उर्दूच्या तासाला शिकलेली असते. उर्दू शायरीतली फरियाद कोर्टात फिर्याद होते. वारस, विरासत आणि मिरासदारातली मिरास एकाच अरबी धातूतून आलेल्या. हक्क, दावा, जामीन, जप्ती, गुन्हा, मिळकतीचा मालक, मुखत्यार, सगळी ओळखीची माणसे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी अशी अधिसूचना महाराष्ट्राने १९९८ मध्ये काढली. म्हणजे आमच्या मुलीकडे उर्दू आहे, मराठी आहे आणि मालवणीही आहे. अशिलाशी बोलायला आणि त्याचा कागद वाचायला हे भांडवल लहान नाही.

पण दुसरी बाजू लपवून सल्ला देणे बरोबर नाही. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. पुस्तके आणि निकाल बहुतेक इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेले मूल पहिल्या वर्षी गटांगळ्या खाते. अनेक ठिकाणी इतिहास-समाजशास्त्राचे पेपर गाइड वाचून उरकले जातात आणि कायद्याचे विषय आले की खरा अभ्यास सुरू होतो. मग एकत्र पदवीला अर्थ काय राहिला? शिवाय पदवीनंतर बार कौन्सिलची परीक्षा आहे. न्यायाधीश व्हायचे असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाप्रमाणे आधी तीन वर्षे वकिली करावी लागेल. लगेच पगार हवा असणाऱ्या घराला हा रस्ता लांबचा आहे.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार या अभ्यासक्रमातून मध्येच उतरून अर्धी पदवी घेता येत नाही. तिसऱ्या वर्षी मुलीचे लग्न लावून शिक्षण थांबवले तर हातात बीएसुद्धा नाही. म्हणून मीही पूर्वी पालकांना सांगायचो की आधी साधे बीए करू द्या, मग तीन वर्षांचे एलएलबी. सहा वर्षे लागतील, पण एक पदवी तरी खिशात राहील.

आता मी तसे सांगत नाही. एवढ्या वर्षांत आमच्या शाळेतून गेलेल्या मुलींकडे बघून माझे मत बदलले. बीए झाले की एक थांबा येतो आणि त्या थांब्यावर सगळे घर म्हणते, झाले ना ग्रॅज्युएशन, आता पुरे. वकील व्हायचे म्हणून बीएला गेलेल्या आमच्या मुली त्या थांब्यावर उतरल्या, परत गाडीत चढल्या नाहीत. पाच वर्षांच्या गाडीला मधला थांबा नाही. ज्या नियमाला मी घाबरत होतो तोच तिला धरून ठेवू शकतो, कारण मध्ये थांबवले तर सगळे वाया जाईल हे बापालाही कळते. अट एकच, पाच वर्षांचा शब्द घराने आधी द्यायचा. तो देता येत नसेल तर तीन अधिक तीनचाच रस्ता धरावा, त्यात कमीपणा नाही.

शब्द एका घराने देऊन भागणार नाही. आपल्या जमातीत मदरशासाठी, मशिदीच्या रंगासाठी वर्गणी निघते. वर्षाला एका मुलीच्या हॉस्टेलचा खर्च त्यातून निघू शकतो. शिक्षकांनी नववीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून घ्यावा. कॉलेजांनी मराठीतून दावा आणि दस्त लिहायला शिकवावे, इतिहासाचा पेपर भरतीसाठी ठेवू नये. आणि मुलींनी सुट्टीत गावी आल्यावर घरचा सातबारा काढून वाचावा. वारसांच्या नावांत कोण नाही ते बघावे. हा सराव कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

त्या वडिलांनी अजून हो म्हटलेले नाही. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. परवा बाजारात भेटले, म्हणाले, "सर, तिच्या आईचो माहेरचो एक कागद आसा, बघतास?" मी म्हणालो, "मी बघतो, पण आधी तुमच्या मुलीला वाचू दे. तिला काय कळतं ते विचारा, आणि तिने सांगितलेलं तिच्या आईला ऐकू दे."