मोजणीबाहेरचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील कोणती मालिका किती घरांत पाहिली जाते, याची मोजणी दर आठवड्यास होते. ही मोजणी 'बार्क' नावाची संस्था करते आणि तिच्या आकड्यांवर जाहिरातींचा पैसा ठरतो. पैशावर मालिका ठरते, मालिकेवर तिच्यातील नट, गायक आणि लेखक यांचे पोट ठरते. मराठी वाहिन्यांचा क्रम लावताना जी बाजारपेठ धरतात ती महाराष्ट्र आणि गोव्याची. कन्नड वाहिन्यांसाठी धरतात ती कर्नाटकाची. वरवर पाहता यात वावगे असे काही नाही. पण कागल मागे टाकून कोगनोळीचा नाका ओलांडला की निपाणीपासून बेळगाव-खानापूरपर्यंत दिवेलागणीनंतर घरोघर मराठी मालिका लागलेली असते, आणि मराठीच्या त्या क्रमवारीत या घरांची गणती नसते. ज्या प्रेक्षकाच्या आवडीनिवडीने मराठी वाहिनीचा क्रम हलत नाही, त्याच्यासाठी कोणी कथा लिहीत नाही. आणि ज्याच्यासाठी कथा लिहिली जात नाही, त्याच्या मुलाला पडद्यावर त्याच्या स्वतःच्या भाषेत उभे राहण्याची जागाही मिळत नाही.

हा लेख सीमावादावर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. २००४ साली महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. मला बोलायचे आहे ते त्याहून लहान, पण रोजच्या गोष्टीबद्दल. करवीरच्या जुन्या घराण्यांपैकी कितीतरी घरांच्या लेकीसुना निपाणी-बेळगावच्या आहेत. त्यांची नातवंडे गाणे शिकतात, नाटकात कामे करतात, आणि आता त्यांना पडद्यावर जायचे असते. तेथे जाताना त्यांना उंबऱ्यापाशी काय उतरवून ठेवावे लागते, हा माझा प्रश्न आहे.

कलेला आश्रय देणारा कलेवर आपला ठसा उमटवतो, ही काही आजची गोष्ट नव्हे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय दरबारातही होता. दरबारी गवयाच्या घरात मी वाढलो, म्हणून त्या काळच्या गोड आठवणी जशा मला ठाऊक आहेत, तशी त्यांच्या आडची बाजूही ठाऊक आहे. यजमानाची वेळ तीच गवयाची वेळ, आणि यजमानाला रुचेल तोच राग. आश्रयदाता गेला की आश्रयही जाई. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयाला शाहू महाराजांनी करवीर दरबारी मानाने ठेवले; परंतु १९२२ साली महाराज निवर्तले आणि पुढे खाँसाहेबांनी मुंबईचा रस्ता धरला. तेव्हा दरबार म्हणजे कलेचे माहेर आणि टीव्ही म्हणजे बाजार, अशी सोपी वाटणी मी करणार नाही. एवढे मात्र खरे की, गवई कोणत्या गावचा आणि त्याच्या घरात कोणती भाषा बोलतात, याची दरबाराला अडचण नव्हती. परभाषेतला गवई ही त्याच्या दृष्टीने शोभाच होती.

आणि सीमेवरच्या माणसाचे खरे धन म्हणजे त्याचा दुभाषी कान. मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी या कानातून झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यानंतर सांगलीकर पटवर्धन सरकारांच्या आज्ञेने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याच साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. १८८० साली पुण्यात त्यांचे 'संगीत शाकुंतल' झाले, तेव्हा त्यातील पदांना त्यांनी ज्या चाली योजल्या त्यांत कानडी चाली होत्या. पुढे त्या नाट्यसंगीताला आपण मराठी मनाचा अलंकार मानू लागलो. कानडी चालीवर मराठी शब्द बसवताना प्रेक्षकाला हे कळेल काय, असा हिशेब अण्णासाहेब करीत बसले असते, तर आपल्या संगीत नाटकाचा चेहरा वेगळाच झाला असता.

बोलपट आला तेव्हाही हा कान टिकून होता. १ जून १९२९ रोजी 'प्रभात' कोल्हापुरात स्थापन झाली. तिचा १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दुहेरी निघाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे दोन्ही भाषांत बोलले. दोन भाषा येणे ही नटाची लायकी होती, खोट नव्हती. त्याहून बोलके उदाहरण १९३४ सालचे आहे. पडद्यावर आलेला पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना'. तो बंगळूरला लागला, पण त्याचे चित्रीकरण झाले ते आमच्या कोल्हापुरातील छत्रपती स्टुडिओत! कन्नड बोलपटाचा पहिला आवाज मराठी गावात मुद्रित व्हावा आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटू नये, असा तो काळ होता.

परंतु धंदा जिकडे जातो तिकडे माणसांना जावे लागते, हा धडाही कोल्हापूरने तेव्हाच घेतला. 'प्रभात' १९३३ साली पुण्यास गेली. मास्टर विनायकांची 'प्रफुल्ल' १९४५ साली मुंबईस गेली आणि तिच्याबरोबर त्या कंपनीत काम करणारी लता मंगेशकर नावाची एक पोरसवदा मुलगीही गेली. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. कंपनी हलली नसती तर ती मुलगी मुंबईस कधी गेली असती, कोण जाणे. गुण कलावंताचा असतो. पण त्या गुणाला वाट कोठे फुटावी, हे पुष्कळदा स्टुडिओचे बिऱ्हाड ठरवते.

भाषावार राज्ये झाल्यावर चित्रपटाच्या धंद्यालाही राज्यांच्या वेशी पडल्या. आपल्या भाषेचा चित्रपट जगावा म्हणून प्रत्येक राज्याने सवलती दिल्या, आणि त्या देणे योग्यच होते. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांवर वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन आहे. ते कोगनोळीला संपते. कर्नाटकात कन्नड चित्रपटांना करमणूक करातून सूट होती, मराठी चित्रपटाला ती नव्हती; २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत हा भेद चालला. म्हणजे बेळगावच्या चित्रपटगृहाला मराठी खेळ लावण्यास महाराष्ट्राचे बळ नाही, आणि लावलाच तर कर्नाटकाचा कर भरायचा. मालकाने दोष तरी कोणाला द्यावा?

आशयाचेही तेच झाले. कन्नड चित्रपटसृष्टीने परभाषेतील चित्रपट कन्नडमध्ये भाषांतरित आवाजाने दाखवण्यास अनेक दशके विरोध केला. २०१५ साली स्पर्धा आयोगाने या मनाईविरुद्ध निर्णय दिला. मूळ चित्रपट भाषांतरित करून यायचा नसला, की तो नव्याने काढावा लागतो. २०१६ सालचा 'सैराट' पुढच्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडमध्ये निघाला, आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरूच होती. सीमेवरच्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाला एकाच मुलीची एकच कथा दोन वेळा पाहण्याची सोय झाली. मात्र ज्या गावात दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या जातात, त्या गावाची कथा या दोन्ही बाजारांना परवडत नाही. महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला त्यातले कानडी कळणार नाही, आणि कर्नाटकाच्या प्रेक्षकाला मराठी.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याकडे निपाणीहून एक मुलगी गाणे शिकायला येते. घरी आजीच्या तोंडून तिने बसवेश्वरांची वचने ऐकली आणि आईकडून तुकोबांचे अभंग. दोन्ही ती सारख्याच ओढीने गाते. एका मराठी वाहिनीच्या चाचणीला ती गेली, तेव्हा वचन सुरू करताच तिला थांबवण्यात आले. हे आमच्या प्रेक्षकाला चालणार नाही, असे सांगितले. गाण्यानंतर बोलणे झाले. तिचे 'होय की', 'काय गा' ऐकून परीक्षक हसले, आणि हेच जरा ठसक्यात पुन्हा बोलून दाखव, असे म्हणाले. पुढे कन्नड कार्यक्रमाच्या चाचणीत तिच्या कानडीला मराठी वळण आहे म्हणून तिला बाजूला काढले. एकीकडे तिची भाषा विनोदासाठी हवी होती, दुसरीकडे ती दोष ठरली. तिचे गाणे दोन्हीकडे कोणी पुरते ऐकले नाही. तो कोणा एका वाहिनीचा दुष्टावा नव्हे, म्हणून नावे घेण्यात अर्थ नाही. समोर बसलेल्या माणसांना आकडे सांभाळायचे होते आणि ही मुलगी त्या आकड्यांत बसत नव्हती.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगडे गावी चित्रित झाली आणि 'चालतंय की' हे आपले बोलणे महाराष्ट्रभर गेले. त्यातून इकडच्या कलावंतांना आणि कारागिरांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. बेळगावात जन्मलेले आणि सोलापुरात वाढलेले अतुल कुलकर्णी मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांच्या चित्रपटांत मानाने उभे आहेत; 'हे राम' आणि 'चांदनी बार' यांतील कामांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे अनेक भाषांत वावरण्याची ताकद या धंद्याला मुळीच नको आहे, असे नाही. पण ही ताकद त्याला तयार झालेल्या कलावंतात हवी असते; ती तयार होण्यास लागणारी वर्षे देण्याची त्याची तयारी नसते.

येथे मला बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या एका मुलाची आठवण करून द्यावीशी वाटते. घर कानडी, नाव शिवपुत्र कोमकली. लहानपणीच तो मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवी आणि गावोगाव माणसे तोंडात बोट घालीत. आजच्या स्पर्धेत तो मुलगा पहिल्याच वर्षी जिंकला असता, आणि कदाचित तेथेच संपला असता. त्याच्या सुदैवाने बाराव्या वर्षाच्या आसपास तो मुंबईस प्रा. देवधरांकडे आला. नकलेतून स्वतःचा गळा बाहेर काढण्यासाठी त्यांनी त्याला वर्षे दिली. त्या मुलाला आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. २००८-०९ च्या 'लिटल चॅम्प्स'ची मुले गुणी होती, यात शंका नाही. पण तो कार्यक्रम गाजल्यापासून पालक माझ्याकडे येतात ते दीड मिनिटात बसेल असे गाणे मागत. राग शिकवू लागलो की विचारतात, याचा चाचणीत उपयोग काय? परीक्षक बसलेले असतात मुंबईत, आणि तालमीचे तास मात्र ठरू लागतात आमच्या खोलीत. धंद्याचा सर्वांत खोल परिणाम हाच आहे. तो पडद्यावर दिसत नाही, गळ्यात उतरतो.

मग करावे काय? वाहिन्यांना शिव्या देऊन काही साधणार नाही. त्या आकड्यांनी चालतात, तेव्हा आकडेच मागावेत. सीमाभागातील मराठी घरांची वेगळी नोंद धरावी आणि ती जाहिरातदारांपुढे ठेवावी, ही मागणी मराठी संस्थांनी करण्याजोगी आहे. कोल्हापूरच्या चित्रनगरीत काम करणाऱ्यांनी नट निवडण्यासाठी एखादा दिवस निपाणीस आणि बेळगावास जाऊन बसावे. निपाणी येथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, काही सातासमुद्रापार नाही. लेखकांनीही त्या बाजूला पाहावे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोऱ्यांनी तंबाखूच्या वखारींतील बाया, ट्रकचालक आणि गॅरेजवाले यांचे जे जग कथा-कादंबऱ्यांत उभे केले, ते अनेक मालिकांना पुरून उरेल.

पण सर्वांत मोठे काम आपल्या घरातले आहे. बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावे स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवतात. आम्हाला कोणी मोजते काय, असे विचारत ती थांबून राहिली नाहीत. तीच वृत्ती गाण्यात आणि नाटकात हवी. मूल वचन म्हणत असेल तर म्हणू द्यावे, अभंग म्हणत असेल तर म्हणू द्यावे; पाच-सहा वर्षे त्याला कोणत्याही चाचणीला उभे करू नये. त्याचा 'गा' आणि 'की' हसण्यावारी नेणाऱ्यापुढे त्याची मान खाली जाऊ नये, एवढे शिक्षण त्याला घरातूनच मिळाले पाहिजे. पुढे ते मुंबईस जाईल किंवा बंगळूरला जाईल, किंवा निपाणीतच चार मुलांना शिकवील. कोठेही गेले तरी त्याचे दोन्ही कान त्याच्यापाशी असावेत. निपाणीची ती मुलगी अजून दर रविवारी सकाळच्या एस.टी.ने येते. सध्या तिचा भीमपलास चालू आहे, आणि दीड मिनिटात तो संपवण्याची घाई आम्हा दोघांनाही नाही.